टिटवीची उजवी स्टिक

कसबा बावडा, कोल्हापूर
१२ जानेवारी २०२५

श्री. मीरासाब मोमीन यांस,
स. न. वि. वि.

'श्री.' मुद्दाम लिहिलंय. फोन करणार नाही. फोनवर तू हसतोस, मग मलाही हसू येतं आणि भांडण राहून जातं. तरुणपणापासून आपली पद्धत ठरलेली आहे, भांडायचं असेल तर कागदावर. तर हे भांडण आहे.

काल जेवताना वर्षाराणीनं तिच्या मोबाइलवर मला एक व्हिडिओ दाखवला. तिच्या दाढेचं काम ज्या सयाजी डॉक्टरांकडं चाललंय, त्यांनी तो स्टेटसला ठेवलेला. "ह्ये तुमचं मीरासाबभावजी न्हवं का?" ती म्हणाली. माळावर रेडिओवर चालणारं एक छोटं विमान उडत होतं. पांढरं अंग, लाल पंख, लांब नाक, उडाल्यावर चाकं पोटात घेणारं. मी घास ताटातच ठेवला. ती टिटवी होती. परदेशी मासिकातला नकाशा ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेऊन, तुझ्या खोलीत बसून, बाल्साच्या हलक्या लाकडाच्या फळ्या कापकापून आपण दोघांनी बांधलेली टिटवी. जी शेवटी कुणाच्या तरी उसात पडली, सापडली नाही, आणि ऊस तुटल्यावर पाचटाबरोबर जळून गेली.

जुन्या नामांकित कसरतीच्या विमानांचे नवे अवतार आता किट म्हणून मिळतात, हे मलाही माहीत आहे. मी काही खुळा नाही. नवी टिटवी बॅटरीवर चालते, नुसती गुणगुणते. जुनी ओरडायची म्हणून तर तिचं नाव टिटवी पडलं. हिला धूर नाही, एरंडेल मिसळलेल्या इंधनाचा तो वास नाही. तेही मी सोडून दिलं असतं. पण पुढं जे दिसलं ते सुटत नाही. विमान चालवायचा रेडिओ तुझ्या गळ्यात. त्याच्या डाव्या स्टिकवर तुझा अंगठा. आणि उजव्या स्टिकवर त्या सयाजीचा.

एक विमान दोघांनी उडवायचं, असं शहाणी माणसं करत नाहीत. आपण करायचो, कारण माझ्या मामानं बोटीवरून आणलेला रेडिओ एकच होता आणि दोघांपैकी कुणीच मागं सरायला तयार नव्हता. डावी स्टिक तुझी, म्हणजे नाक वर-खाली आणि शेपूट. उजवी माझी, म्हणजे वेग आणि पंख कलवणं. कोलांटी तुझी, गिरकी माझी. सावकाश गिरकी घेताना टिटवी पाठीवर आली की तू नाक ढकलून धरायचास आणि मी फिरवत राहायचो. बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचं नाही. माणसं सायकली टाकून हंबीरचं विमान बघायला यायची. पेपरात आलेला तो फोटो अजून आमच्या सोप्यात लावलेला आहे.

म्हणून विचारतो, माझी स्टिक तू त्याला कशी दिलीस? आणि मला साधं कळवावं असंही तुला वाटलं नाही?

मला राग आलाय असं लिहिणार होतो. वर्षाराणी म्हणाली, "राग न्हवं त्यो. तुमाला सवत आल्यागत झालंय." तिचं खरं आहे. मी जळतोय. उत्तर दे.

आपला,
हंबीरराव इंगवले

इचलकरंजी
१७ जानेवारी २०२५

प्रिय हंबीर,
सलाम.

पाकिटावरचं 'श्री.' बघून हुसेनबीनं विचारलं, "कोर्टाची नोटीस आली व्हय?" मी म्हटलं, त्याहून वाईट, हंबीरचं पत्र आहे. तिनं चहा टाकला आणि मी दार लावून वाचलं.

सयाजीची ओळख झाली ती अशी. यंत्रमागांचे सुटे भाग मी दुरुस्त करतो ते वर्कशॉप तुला माहीतच आहे. तिथं तो विमानाच्या चाकाचा वाकलेला दांडा घेऊन आला. भिंतीवर आपल्या टिटवीचा जादा करून ठेवलेला लाकडी पंखा टांगलेला दिसला तसा तो दांडा विसरूनच गेला. मी त्याला टिटवीची हकिगत सांगितली, मग त्यानं मोबाइलवर दाखवलं की तेच विमान परदेशातल्या एका कंपनीनं नव्यानं काढलंय. मी किट मागवलं. खरं सांगतो, खोका उघडल्यावर मला वाईटच वाटलं. सगळं यंत्रानं कापलेलं, फासळी खाचेत टच्चकन बसते. आपण एकेक फासळी पॉलिश पेपरनं घासत बसायचो आणि तू मध्येच फुंकर मारून भुसा माझ्या डोळ्यांत घालायचास. इथं घासायला काही ठेवलेलंच नाही. पण पंख जोडून उजेडाला धरला आणि तोच आकार दिसला, तेव्हा मी तिथंच स्टुलावर बसलो.

तुला कळवलं नाही, कारण तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. वॉकर घेऊन तू माळावरच्या दगडांतनं कुठं चालणार? शिवाय नवं विमान पहिल्या खेपेला पडायचीच शक्यता जास्त. ते एकदा नीट उडू दे, मग हंबीरला सांगू, असा माझा विचार. सयाजी चांगला पोरगा आहे, मला काका म्हणतो. डाव्या स्टिकशिवाय मला काही येत नाही हे तुझ्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक? उजवीला कुणीतरी हवंच होतं.

सव्वीस जानेवारी यंदा रविवारीच आलीय. झेंडावंदन आटपलं की सगळे माळावर जमणार आहेत, तोच माळ, कृष्णात चौगुल्याच्या उसाला लागून. गुडघा साथ देत असेल तर ये आणि बघ. वहिनींना दाढेबद्दल विचारलंय म्हणून सांग.

तुझा,
मीरा

कसबा बावडा
२० जानेवारी २०२५

मीरासाब यांस,

'ये आणि बघ.' हे तीन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. 'ये आणि उडव' असं तुझ्या पेनातून उतरलं नाही. उजवीला 'कुणीतरी' हवंच होतं म्हणे. इतकी वर्षं मी तुझा कुणीतरी होतो तर.

आणि गुडघ्याचं निमित्त मला सांगू नकोस. दिवाळीला फराळाला आलास तेव्हा तुला पार स्टँडपर्यंत सोडायला कोण आलं होतं? चालत आलो होतो. वॉकर तेव्हा माळ्यावर गेलेला होता आणि तो माळ्यावर ठेवायला तूच हात लावला होतास. म्हणजे न सांगण्याचं कारण दुसरंच काहीतरी आहे. ते तू लिहीत नाहीस.

तो व्हिडिओ मी आता इतक्यांदा बघितलाय की वर्षाराणी मोबाइल लपवून ठेवते. गिरकीत टिटवी पाठीवर आली आणि तिचं नाक पडलं. नाक म्हणजे तुझा अंगठा. माझ्याबरोबर तो कधी चुकला नव्हता, त्याच्याबरोबर चुकला. मला बरं वाटलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

सयाजीचं म्हणशील तर विमानं त्याच्याकडे ढीगभर आहेत, सगळी तयार विकत घेतलेली. एका फासळीला तरी त्यानं हातानं डिंक लावलाय का? दुसऱ्याचं बांधलेलं उडवायला काय लागतं? वर्षाराणीला मी म्हटलं, दुसरा डॉक्टर बघ. ती म्हणाली, "निम्मी दाढ कोरून ठेवल्या त्येनं. आता निम्मी दाढ घिऊन कुणाकडं जाऊ?" माझ्या घरातसुद्धा त्याचा असा शिरकाव झालाय.

मी येणार नाही. तुमचं चालू दे.

हंबीरराव

इचलकरंजी
२८ जानेवारी २०२५

हंबीर,

ह्या वेळी प्रिय लिहीत नाही.

येणार नाही म्हणालास आणि आलास. बघायला आलास असं वाटून मी खूश झालो. तुला हात केला. टिटवी वर होती, रेडिओ माझ्या गळ्यात, सयाजी उजवीकडे. तू सरळ आमच्याकडे चालत आलास, ना राम राम ना काही. सयाजीला म्हणालास, "ओ पावणं, सरका जरा. ती जागा माझी हाय."

तो बिचारा म्हणाला, "काका, थांबा, ह्यात उलटं हाय..."

"मला शिकवतोस व्हय?" म्हणालास आणि त्याचा अंगठा बाजूला करून आपला ठेवलास.

तो काय सांगत होता ते आता कागदावर वाच, कारण तिथं तू ऐकून घेतलं नाहीस. आताचे बहुतेक रेडिओ आपल्यासारखे नसतात. आपल्या रेडिओत नाक डावीकडे होतं आणि वेग उजवीकडे. सयाजीच्या रेडिओत वेग डावीकडे आलाय आणि नाक उजवीकडे गेलंय. मला स्वतःला ते शिकताना नाकी नऊ आले. तू सवयीनं वेग द्यायला म्हणून उजवी स्टिक पुढं सारलीस. ते वेग देणं नव्हतं, नाक खाली दाबणं होतं. टिटवी खाली वळली तसा तू घाबरून आणखी पुढं सारलीस, कारण विमान पडायला लागलं की वेग द्यायचा हे तुझ्या हाताला पक्कं बसलंय. ती नाकावर गेली ती कृष्णातच्या उभ्या उसात. आणि व्हिडिओत नाक पडलं तेव्हा ते माझ्या अंगठ्यानं पडलं नव्हतं. तुझं ते पत्र आलं तेव्हाच हे लिहिणार होतो. पण माझी चूक झाली म्हणून तुला बरं वाटलं हे वाचून हात चालला नाही.

पुढं तू काय केलंस? गाडीत बसलास आणि गेलास. मी आणि सयाजी दिवस मावळेपर्यंत उसात फिरत होतो. पातीनं हात कापले. दोन्ही पंख मिळाले, अंग मिळालं नाही. बॅटरी त्या अंगातच आहे. ती फुटून पेटली असती तर कृष्णातचं उभं पीक गेलं असतं, हे तुझ्या डोक्यात तरी आलं का?

तू विचारलं होतंस की न सांगण्याचं खरं कारण काय. सांगतो.

सोप्यातला फोटो एकदा जवळ जाऊन बघ. पट्टा तुझ्या गळ्यात, रेडिओ तुझ्या छातीवर, तू आभाळाकडे बघतोयस. खाली छापलंय, 'हंबीरराव इंगवले यांचे विमान.' मी कुठं आहे? डाव्या कडेला एक कोपर आहे, ते माझं. इंजिन मी बसवलं, पंख मी ताणले, नाक मी सांभाळलं आणि लोक हंबीरचं विमान बघायला आले. पहिल्या पत्रात तू स्वतःसुद्धा तेच लिहिलंयस, 'हंबीरचं विमान'. रेडिओ तुझ्या मामाचा, म्हणून पट्टा तुझ्या गळ्यात. मी कधी बोललो नाही, हसलो. तुला वाटतं जळता फक्त तुलाच येतं. मी त्या पट्ट्यावर सगळं आयुष्य जळत आलोय.

पहिल्या उड्डाणाला सयाजीनं आपणहून पट्टा माझ्या गळ्यात घातला. म्हणाला, "काका, विमान तुमचं हाय. पट्टा तुमीच घाला." तुला कळवलं असतं तर तू आला असतास, आणि आल्या आल्या पट्टा आपल्या गळ्यात घातला असतास. तुला ते जाणवलंही नसतं. म्हणून कळवलं नाही.

आता उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

मीरासाब

कसबा बावडा
११ फेब्रुवारी २०२५

मीऱ्या,

उत्तर देतोय. चालेल म्हणालास म्हणून गप्प बसणारा मी नाही.

गाडीत बसून गेलो ते खरं. पण उजळाईवाडीच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन थांबलो. तिथनं परत यावं असं वाटलं होतं. पण तू आणि तो दोघं मिळून उसात शोधत असाल, हे डोळ्यांपुढं आलं आणि आलो नाही. तेव्हासुद्धा मला जळायलाच झालं. टिटवी मी पाडली आणि शोधायला तू त्याच्याबरोबर गेलास.

दुसऱ्या दिवसापासून मी कृष्णातच्या उसात जातोय. तुला सांगितलं नाही. सरीसरीनं फिरायचो. कृष्णात बांधावरून ओरडायचा, "तात्या, काय शोधायलाय? इमान व्हय? ह्या वयात?" मी म्हटलं, "व्हय, इमान. तोड कधी हाय तुझी?" म्हणाला, ऊसतोडीची टोळी आली की. तवापासून मी टोळीची वाट बघत होतो. आपली पहिली टिटवी कशी गेली ते तू विसरला नसशील. ऊस तुटला, आपल्याला निरोप आला नाही, आणि आपण पोचलो तोवर पाचट पेटवलेलं. राखेत इंजिनाचा गोळा मिळाला होता तेवढाच.

काल टोळी लागली. मी पहाटेच जाऊन बसलो. टोळीवाल्यांना सांगून ठेवलं, पांढरं काही दिसलं तर कोयता थांबवा. त्यांनी आधी एक खताची पिशवी दाखवली, मग एक मेलेला बगळा. दुपारी एका बाईनं हाक मारली. टिटवी उसाच्या बुडख्यात उभी रुतलेली होती, नाकावर. मोटर चिखलानं भरलेली, पण अंग निम्म्यावर तरी शाबूत आहे. बॅटरी फुगलीय, ती मी काढून वाळूच्या बादलीत ठेवलीय. कृष्णातनं पाचट दोन दिवस पेटवणार नाही असं कबूल केलंय, आणखी काही तुकडे मिळाले तर बघायला.

घरी येऊन फोटो जवळनं बघितला. आधी चष्मा लावून, मग चष्मा काढून. कोपर तुझंच आहे, सदरा तो निळ्या चौकड्यांचा. इतकी वर्षं तो फोटो माझ्या भिंतीवर आहे आणि मी त्यात फक्त मला बघत होतो. वर्षाराणीला विचारलं, तुला माहीत होतं का ते मीराचं कोपर आहे म्हणून? ती म्हणाली, "लगीन झाल्यापासनं. मला वाटलं तुमालाबी म्हाईत असंल."

तरी एक गोष्ट सांगतो आणि ती मागं घेणार नाही. तुझ्या गळ्यात पट्टा आला हे चांगलं झालं. पण तो त्या दातवाल्यानं घातला हे मला सहन होत नाही. तो मी घालायला पाहिजे होता.

टिटवीचं अंग खोक्यात घालून ह्याबरोबर पाठवतोय. खोक्याच्या तळाशी मामाच्या रेडिओचा पट्टा आहे. रेडिओ कधीच बिघडून गेला, पट्टा मी ठेवला होता. तो आता तुझा.

हंबीर

इचलकरंजी
२४ मार्च २०२५

प्रिय हंबीर,
सलाम.

उत्तराला उशीर झाला, कारण टिटवी उभी करूनच लिहायचं ठरवलं होतं. मध्ये रोजे सुरू झाले. दुपारी वर्कशॉपात काम नसलं की मी तिचं नाक घडवत बसायचो. कंपनीकडनं नवं नाक मागवता आलं असतं. मागवलं नाही. बाल्साची फळी आणली आणि हातानं कापलं, पॉलिश पेपरनं घासलं. भुसा डोळ्यांत घालायला कुणी नव्हतं, तरी डोळ्यांत गेलाच.

पट्टा मिळाला. वहिनींनी धुतलेला दिसतोय, पण त्याचा एरंडेलाचा वास गेलेला नाही. हुसेनबी म्हणते, ह्ये घरात नको. मी तो वर्कशॉपात खिळ्याला लावलाय. त्याचा आकडा नव्या रेडिओला बसत नव्हता, म्हणून नवा आकडा करून घेतला.

आता मुद्द्याचं. रेडिओ मी स्वतःचा घेतला, सयाजीचा त्याला परत केला. ह्या नव्या रेडिओंत एक सोय असते, कोणत्या स्टिकला कोणतं काम द्यायचं हे आपल्याला ठरवता येतं. मी आपली जुनी पद्धत लावली. नाक परत डावीकडे, वेग परत उजवीकडे. सयाजीला म्हटलं, बघ जमतंय का. त्यानं आधी कॉम्प्युटरवरच्या सरावाच्या खेळात उडवून बघितलं आणि झटक्यात पाडलं. परत उडवलं, परत पाडलं. म्हणाला, "काका, माझ्या अंगठ्याला ह्ये जन्मात जमायचं न्हाय." पोराचं तोंड उतरलं. मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. मी ते मुद्दामच केलंय.

ईद झाली की येणाऱ्या रविवारी माळावर जायचं. कृष्णातचा ऊस तुटलाय, तेव्हा पडली तरी दिसेल. आदल्या दिवशी मुक्कामालाच या दोघं. हुसेनबी शिरखुर्मा ठेवणार आहे तुमच्यासाठी.

बघायला येऊ नकोस. पट्टा तुझ्या हातानं माझ्या गळ्यात घाल आणि उजवीकडे उभा राहा. तिथं दुसरं कुणी दिसलं तर ह्या खेपेला "सरका जरा" मी म्हणेन.

तुझा,
मीरा

कसबा बावडा
९ एप्रिल २०२५

मीऱ्या,

अजून अंगठा दुखतोय. इतका जोर लावायचं काही कारण नव्हतं, बॅटरीचं विमान आहे, फुंकरीनं वळतं. पण हात जुना.

पहिली गिरकी फसली ती माझ्यामुळं, मी घाई केली. दुसरीत टिटवी पाठीवर आली आणि मला तुझा श्वास थांबलेला कळला, मग मीही थांबवला. ती माळाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एका रेषेत फिरत गेली. नाक पडलं नाही. हे मी वर्षाराणीला इतक्यांदा सांगितलंय की ती म्हणाली, "मी तिथंच हुते की हो."

सयाजीनं फोटो काढला होता, तो तिच्या मोबाइलवर आला. बघितलास का? पट्टा तुझ्या गळ्यात, रेडिओ छातीवर, तू आभाळाकडे तोंड करून हसतोयस. खाली त्यानं लिहिलंय, 'मीरासाबकाकांचं विमान.' उजव्या कडेला एक कोपर आलंय.

बघून मी खूप जळलो. रात्री नीट जेवलो नाही. सकाळी उठून महाद्वार रोडला गेलो, तो फोटो मोठा करून घेतला आणि फ्रेम करून आणला. सोप्यात जुन्याच्या शेजारी लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी फोटोसमोर उभं करतो आणि सांगतो, ते कोपर माझं.

तुझा,
हंबीर